पैलवानाची पूजा

"उजवा हात घ्या बाई. डाव्याची चाळण झालीया."

हौसाबाईंनी हात पुढे केला. बोलता यावं म्हणून त्यांनी तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून घेतला होता.

"आधी मास्क वर," मी म्हटलं.

"त्यातनं बोललेलं कुनाला कळत न्हाई."

"मग बोलू नका."

"त्ये या जल्मात जमायचं न्हाई." तरी त्यांनी मास्क वर केला आणि मी दंडाला रबरी पट्टी बांधेपर्यंत पुन्हा खाली घेतला. "आज खंडेनवमी. सनाचंबी रगात काढताय व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. मी काय करू?"

"डाक्टरला म्हनावं, आज हत्याराला सुट्टी असती. सुई ठिवा पाटावर अन् वाहा हळदकुंकू."

त्या हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला. मी सुई बाजूला धरून थांबले. खोकला ओसरला तेव्हा त्यांचे ओठ जांभळट झाले होते. मास्क मीच वर केला. उशाशी उभ्या असलेल्या सिलिंडरला पाण्याची बाटली जोडली होती, तिच्यात बुडबुडे उठत होते. त्यांच्याकडे बघत बघत हौसाबाईंनी श्वास गोळा केला.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होतील. तेव्हा मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, लग्नाआधी, मी ऑक्सिजन भरण्याच्या एका कारखान्यात गॅसची शुद्धता तपासायची नोकरी केली होती. दवाखान्यात त्या नोकरीशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. रक्त, लघवी, थुंकी एवढं माझं काम. नळीतून खाटेपर्यंत येणारा ऑक्सिजन तेव्हा आमच्याकडे नव्हता. ज्याला लागेल त्याच्या उशाशी सिलिंडर आणून उभा करायचा आणि साखळीनं खाटेला बांधायचा. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्यांचा, जवळजवळ माझ्या उंचीचा. हौसाबाईंनी त्याला पैलवान असं नाव ठेवलं होतं. त्यांची छाती अर्ध्या आयुष्याच्या धुरानं गेली होती. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचं त्यांचं काम. त्यात आता न्यूमोनिया झालेला. पैलवान उशाशी नसता तर त्या कधीच गेल्या असत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी पैलवानाच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि खांद्यावर हळदकुंकवाची बोटं.

"महिपतीनं केलं," हौसाबाई मास्कमधून म्हणाल्या. "सिस्टरला इचारून. सिस्टर म्हनल्या, माळ घाल, पर निरांजन न्हाई, उदबत्ती न्हाई, काडीबी वडायची न्हाई."

"बरोबर सांगितलं त्यांनी. कुठे आहेत महिपतराव?"

"खोलीत बाकीचं सिलिंडर हाईत, त्येंची पूजा कराया गेलाय. एकट्या पैलवानाचीच केली तर दुसरी रुसत्याल, म्हनला."

महिपती सुतार हा त्यांचा एकुलता मुलगा. स्वतःची लेथ होती त्याची. पाण्याच्या इंजिनांचे सुटे भाग करायचा. पस्तिशीचा, रुंद पंजांचा, कमी बोलणारा माणूस. आई दवाखान्यात आल्यापासून तो घरी फक्त आंघोळीला जायचा. खाटेशी बसल्या बसल्या तो सिलिंडरच्या काट्याकडे बघायचा, रेग्युलेटरच्या आट्या निरखायचा. सिस्टर चावी फिरवू लागल्या आणि सिलिंडरच्या झडपेचा दांडा कुरकुरला की दाढ दुखावी तसं तोंड करायचा. त्या दिवशी त्याच्या शेडमध्ये लेथची पूजा होती, पण तो गेला नव्हता. "तितलं मशिन माझं पोट भरतंय, हितलं माझ्या आईला जगवतंय," असं तो सिस्टरना म्हणाला होता.

मी रक्त घेऊन प्रयोगशाळेत गेले. रिपोर्ट तयार करून परत वॉर्डात आले तेव्हा सिलिंडर बदलायचं चाललं होतं.

उशाशी दुसरा सिलिंडर येऊन उभा होता. त्यालाही माळ होती. एस्तेर सिस्टरनी संपलेल्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवला होता. नव्या सिलिंडरच्या दांड्यावर त्या चावी बसवत होत्या. रेग्युलेटर जोडण्याआधी चावी जराशी उघडून तोंडातली धूळ उडवायची असते, तेच त्या करणार होत्या. मिरजेला शिकलेल्या, वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाई. त्यांचे हात यात कधी अडखळत नसत. हौसाबाई उशांना टेकून तोंडानं श्वास ओढत होत्या. मास्क त्यांच्या मांडीवर पडला होता. महिपती पायथ्याशी उभा होता.

माझं लक्ष हळदीकडे गेलं. सिलिंडरच्या खांद्यावर ती सुकी, फिकट पिवळी होती. पण तोंडाच्या कडेला गर्द, मातकट झाली होती आणि तो गर्दपणा आटीच्या आत गेला होता. आधी वाटलं पाणी असेल. मी बोट लावलं. पाण्यानं भिजलेली हळद बोटाला चिकटते. ही सरकली.

"सिस्टर, चावी सोडा."

"काय?"

"उघडू नका. तेल आहे."

सिस्टरनी विस्तवावरून काढावा तसा हात काढला. त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र येऊ द्यायचं नाही, हे त्या आमच्या सगळ्या आयांना दर महिन्याला बजावत असत. त्या गर्रकन वळल्या.

"तुम्ही तेल घातलंत? काय हो? तुम्हाला माळ घालायची परवानगी दिली मी! अक्कल आहे का काही?"

सगळा वॉर्ड उठून बसला. महिपतीचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग कुणी घातलं? भुतानं?"

"मला काय म्हाईत? म्या हळदकुंकू वाहिलं. बस."

"खोटं बोलताय! आईकडे बघा जरा!"

"न्हाई म्हनलं न्हवं!"

सिस्टरनी आणखी काही बोलण्यात वेळ घालवला नाही. हातानं दाबायचा रबरी फुगा त्यांनी कपाटातून ओढला, मास्क हौसाबाईंच्या तोंडावर घट्ट धरला आणि साधी हवा द्यायला सुरुवात केली. साध्या हवेवर त्या छातीचं फार काळ भागणार नव्हतं. डॉक्टर आवटी ऑपरेशन थिएटरमध्ये एका बाळंतिणीपाशी अडकले होते. तिथला सिलिंडर तिथे लागत होता. गॅस एजन्सी दसऱ्याच्या सुट्टीत बंद होती. सिलिंडरच्या खोलीत आणखी दोन भरलेले होते, आणि त्या दोघांचीही पूजा झालेली होती.

ते दोन्ही बघून मला काही समजलं नसतं. हळद ओली दिसली तर तेल आहे एवढं कळलं असतं. हळद कोरडी दिसली तर तेल नाही असं मात्र म्हणता आलं नसतं. आत गेलेला पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. कशाला हात लागलाय आणि कशाला नाही, हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो नाही म्हणून बसला होता.

"महिपतराव, माझ्याबरोबर या जरा."

तो हलला नाही. मग बहुधा आईकडे बघवेना म्हणून आला. मी त्याला सिलिंडरच्या खोलीत नेलं. दाराजवळ एक सिलिंडर होता, दुसरा आत कोपऱ्यात, सलाईनच्या खोक्यांमागे. मी दाराजवळच्याच्या दांड्याकडे बघितलं. दांडा पुसून लख्ख केलेला होता. असं पुसणं हौसेनं होतं, नुसत्या कामानं होत नाही.

"ती कुरकुर गेली असेल आता," मी म्हटलं. "कुठलं घातलंत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी आवाज चढवला नाही. वर्गात एखाद्या मुलाला हळूच प्रश्न विचारावा तसं पुन्हा विचारलं, "शिवणयंत्राचं?"

"शिवनयंत्राचं?" त्याला ते लागलं. "शिवनयंत्राचं कशाला घालीन मी? लेथच्या स्पिंडलचं हाय. पातळ. आत झिरपतंय, बाहीर दिसत न्हाई."

"तोंडात पण?"

"तोंडात दोन थेंब. आट्या गंजू नयेत म्हून. अन् दांड्याला."

"या दाराजवळच्याला?"

"ह्याला घातलंय."

"आणि तो कोपऱ्यातला?"

तो थांबला. त्यानं खोक्यांकडे बघितलं.

"त्याला न्हाई. मदी खोकी हुती, हात पोचंना. लांबनं फुलं टाकली नुसती."

"नक्की?"

"आईची..." एवढं म्हणून त्यानं पुढचा शब्द गिळला आणि वॉर्डाच्या दिशेला बघितलं. "नक्की."

"चावी कुठली वापरलीत?"

"चावी न्हाई वापरली. बोटानंच पुसलं."

"खोकी बाजूला करा. फक्त खोकी."

त्यानं खोकी अशी भिरकावली की दोन फुटली. मग वाकून त्यानं सिलिंडरला मिठी घालायला हात पसरले.

"नको! तुम्ही नाही."

"अवो, मला उचलतोय. तुमाला हालनारबी न्हाई त्यो."

"तुमच्या हातांना तेल आहे."

त्यानं हात बघितले. उलटे केले, पुन्हा बघितले. मग ते अंगापासून लांब धरून तो भिंतीला टेकला.

सिलिंडर उचलावा लागत नाही. तळाच्या कडेवर कलता धरून, गोल फिरवत फिरवत न्यायचा असतो. कारखान्यात हमाल करायचे ते बघून मीही शिकले होते. बायकांनी ते करायचं नाही असं कुणी सांगेपर्यंत मला ते येऊ लागलं होतं. त्या दिवशी कोपऱ्यातून वॉर्डापर्यंत, तेल लागलेलं बोट उचलून धरून, मी तो तसाच नेला. महिपती माझ्या पुढे चालत दारं खांद्यानं ढकलत होता. हात तसेच लांब धरलेले.

सिस्टरची चावी त्या तेलकट दांड्याला लागली होती. आया थिएटरची दुसरी चावी घेऊन आली. मी साबणानं हात धुतले, कोरडे केले. सिलिंडरच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं, कोऱ्या गॉजनं पुसून तो प्रकाशात धरला. डाग नव्हता. तोंड भिंतीकडे वळवून चावी केसभर उघडली, फुस्स झालं, बंद केली. रेग्युलेटर बसवला. मग बाजूला उभी राहून, काट्यासमोर तोंड न ठेवता, चावी इतकी हळू फिरवली की सिस्टर कळवळून म्हणाल्या, "पेंडसे बाई, अहो, लवकर!"

"लवकर नाही उघडायची, सिस्टर."

"माहीत आहे मला. तरी म्हणतेय."

काटा वर चढला. बाटलीत बुडबुडे आले. सिस्टरनी फुगा काढून मास्क लावला आणि आम्ही तिघं त्या ओठांकडे बघत राहिलो. त्यांचा रंग बदलायला खूप वेळ लागला, की तसं मला वाटलं. मी घड्याळ बघितलं नाही.

डोळे उघडल्यावर हौसाबाईंनी आधी मुलगा शोधला.

"काय झालं रं? सिस्टर कुनावर वरडत हुत्या?"

"काय न्हाई, आई. चावी घावंना झाल्ती."

तेलवाले दोन्ही सिलिंडर मी खोलीत एका बाजूला काढले. त्यांवर खडूनं "उघडू नये" असं लिहिलं आणि दाराला कुलूप लावलं. वरून पुसून त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. ते भरणाऱ्या कारखान्यातच परत जायला हवे होते.

दुपारी महिपती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात चहाचा कप होता. "सिस्टरनी दिला," तो म्हणाला. "म्हनल्या, साबनानं हात धू अन् घे." थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, मगाशी तुमी गोड बोलून माझ्याकडनं काडून घेतलासा."

"हो."

"कुरकुर गेली म्हनलासा, त्ये खोटं."

"ते खरं होतं. कुरकुर गेली होती."

"मग चूक काय झाली माझी? न्हाई, चूक झाली ती कळली. कशी झाली त्ये सांगा. काडी न्हाई, इस्तू न्हाई. नुसत्या तेलानं काय हुतंय?"

मी त्याला बसवलं. विहिरीत टाकतात ती जांभळी पावडर परीक्षानळीत घालून दिव्यावर तापवली. उदबत्ती पेटवून विझवली. टोकाला नुसती लाल ठिणगी राहिली. ती नळीत धरल्याबरोबर टप् असा आवाज झाला आणि उदबत्तीनं पांढरी ज्योत धरली. महिपती स्टुलावरून मागे सरकला.

"आत काय हुतं?"

"सिलिंडरात आहे तेच. पण इथे दाब अजिबात नाही. सिलिंडरात इतका आहे की चावी झटक्यात उघडली तर पुढच्या नळीतला गॅस दाबून तापतो. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना? तसं, पण कैक पटीनं."

"अन् तेवढ्यावर तेल पेटतंय."

"आधी तेल. मग आतलं रबर. मग पितळ."

"पितळ?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी आता नक्कीच थाप मारली होती. "पितळ वितळतंय, मॅडम. जळत न्हाई. मी रोज बघतोय."

"तुम्ही हवेत बघता. मी एक जळलेला रेग्युलेटर बघितलाय. कारखान्यात नव्या माणसांना दाखवायला ठेवला होता. अर्धा होता. उरलेला अर्धा धूर होऊन गेला होता."

त्यानं चहा प्यायला नाही. कप बाकावर ठेवून तो हळूहळू म्हणाला, "सिस्टरचं तोंड त्या नळीपासनं हातभर हुतं. आईचं..." 

"उघडली नाही ना चावी," मी म्हटलं.

"तुमी आलासा म्हून."

मी परीक्षानळीखालचा दिवा विझवला.

संध्याकाळी डॉक्टर आवटी थिएटरमधून मोकळे झाले आणि सगळं ऐकून खवळले. ज्यानं कुणी दवाखान्यात आणखी कशाला तेल लावलं असेल त्याला पोलिसात देतो, असं ते व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मग सिलिंडरचा हिशेब बसवून त्यांनी ठरवलं: थिएटरचा सोडला तर आता एकच चांगला सिलिंडर आहे, एजन्सी उघडेपर्यंत हौसाबाईंना इथे ठेवणं धोक्याचं, सकाळी मिरजेला हलवायचं. दवाखान्याची गाडी जुनी व्हॅन होती. तिच्यात प्रवासापुरता एक लहान सिलिंडर कायम बसवलेला असे.

ड्रायव्हर जोतिराम व्हॅनला हार बांधून फडक्यानं काच पुसत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "जोतिराम, गाडीतल्या सिलिंडरला तेल, ग्रीस, काही लावलंय का?"

"छ्या! मी काय येडा हाय, मॅडम?"

"रागावणार नाही कुणी. लावलं असेल तर सांग."

"लावलंच न्हाई तर काय सांगू?"

मी आत चढून बघितलं. सिलिंडरचं तोंड स्वच्छ होतं. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. दिसायला सगळं ठीक होतं, आणि दिसण्याची किंमत किती ते मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. पण माझ्या हातात त्याच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. "नाही म्हणतोय ना? मग झालं," ते म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी, गाडी निघण्याआधी, डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात जमवलं. सिस्टर, आया, स्वयंपाकीण, जोतिराम, दोन-चार नातेवाईक. "पेंडसे बाई, यांना काय ते समजावून सांगा," म्हणाले आणि पायरीवर उभे राहिले. मला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. काय सांगायचं ते मी रात्री मनात नीट लावून ठेवलं होतं, आणि त्यात महिपतीचं नाव कुठेही येणार नाही याची काळजी घेतली होती.

"काल एका नातेवाइकांकडून, चांगल्या हेतूनं..."

"नातेवाईक न्हाई, मॅडम." आवाज मागून, वॉर्डाच्या दारातून आला. "नाव सांगा."

माणसं वळली. महिपती पुढे आला. आंघोळ करून आला होता, सणाचा पांढरा सदरा घातला होता.

"महिपती सुतार. लेथवाला. तेल म्या घातलं. दोन सिलिंडरला. सिस्टरनी इचारलं तवा न्हाई म्हनलो. आई तितं तोंड वासून पडल्ती, अन् मी न्हाई म्हनलो." तो थांबला. आतून हौसाबाईंच्या बाटलीतले बुडबुडे ऐकू येत होते. "भ्यालो म्हून न्हवं. लाज वाटली. मशिनीवर माझा हात चुकत न्हाई, असं मी गावाला सांगत आलोय. मॅडमनी काल मला दावलं त्यात काय हुतंय ते. हितनं पुढं कुनी सांगाल तर माझं नाव घिऊन सांगा. नाव असलं की मानूस ऐकतंय."

सिस्टरनी पदरानं चष्मा पुसायला घेतला. "मी ओरडायला नको होतं," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या.

"तुमचं बरुबर हुतं, सिस्टर."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण लोक माझ्याकडे बघत नव्हते. व्हॅनपाशी उभ्या असलेल्या जोतिरामनं डोक्यावरची टोपी काढली होती आणि तो ती दोन्ही हातांनी पिळत होता.

"सायेब," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीतल्या लहान सिलिंडरला... म्याबी."

"काय म्याबी?"

"परवा गाडी धुतली तवा. इंजिनात घातलं, दाराच्या बिजागऱ्यांना घातलं, तवा त्यालाबी घातलं. चावी जाम हुती. काल सिस्टर वरडल्याचं ऐकलं अन् रुमालानं पुसून टाकलं वरनं. मॅडमनी इचारलं तवा..." 

डॉक्टर पायरीवरून खाली उतरले. माणूस मोठा तापट. त्यांचा हात वर गेलेला मी याआधीही बघितला होता.

"गाढवा! आता अर्ध्या तासात तो सिलिंडर उघडणार होतो आपण! बंद गाडीत, वाटेत! माहीत आहे काय झालं असतं? कालपासून मूग गिळून..."

महिपती मधे येऊन उभा राहिला.

"सायेब, त्याला वरडू नका."

"तुम्ही बाजूला व्हा! तुमचीच आई जाणार होती त्या गाडीतून!"

"म्हून तर." त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. "आज वरडलासा तर पुढच्या खेपंला कोन सांगनार?"

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. वर गेलेला हात त्यांनी आपल्याच मानेवरून फिरवला. मग ते पायरीवर जाऊन बसले, सकाळपासून तिथेच बसायचं असल्यासारखे, आणि शेजारच्या फरशीवर हात ठेवून म्हणाले, "ये जोतिराम. बस इथं. घाई नाही. आणखी कशाकशाला घातलंस, आठवून सांग."

जोतिराम बसला आणि आठवू लागला. गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत एक जादा रेग्युलेटर होता, त्यालाही पुसलं होतं त्यानं तेलाच्या फडक्यानं. तो आम्हाला ठाऊकच नव्हता. लहान सिलिंडर आणि तो रेग्युलेटर उतरवून ठेवले. व्हॅनमधलं बाकडं खोलून काढलं, साबणाच्या पाण्यानं गाडीचा तळ धुतला, वॉर्डातला मोठा सिलिंडर आडवा घालून दोरांनी बांधला. सिस्टर बरोबर गेल्या.

हौसाबाईंची गाडी त्या दिवशी फार उशिरा निघाली, पण ती मिरजेला पोचली.